पिवळ्याची जागा

शाणू मुळगावकर, वय एकसष्ट, मंडूर.
उजव्या मनगटाला भूल देऊन झाली आहे
आणि ते डॉक्टरांना सांगताहेत
की या हातानं चाळीस पावसाळे
मानशीची दारं उघडली, लावली,
म्हणून जरा जपून.
डॉक्टर हसतात.
मी मोटर तपासते.

आधी रंगद्रव्य सोडलं. काळी नदी भरून आली,
फाटे, उपफाटे, हृदयाला धरून बसलेली वळणं.
कुठं फारसं अरुंद नाही.
एका वळणावर चाळीस टक्के. एवढंच.
एवढ्यावर बरीच माणसं बांबोळीची टेकडी उतरून
दिवेलागणीपर्यंत घरी पोचतात.
एक फाईल माझ्याही घरी आहे, कपाटात,
तिच्यातही चाळीस टक्केच लिहिलंय.
तिला पुढचं पान नाही.

पण यांना कळ दोनदा आली, दोन्ही वेळा रात्री.
म्हणून आज नळीतून उजेड पाठवायचा.
उजेड म्हणायचं आपलं; तो कुणाला दिसत नाही,
तांबड्याच्या पलीकडचा आहे.
रक्तातून जातो, अडत नाही,
आणि भिंतीला विचारतो,
तू कशाची?

आत जाताना चित्र मिळत नाही.
टोकापर्यंत जायचं, थांबायचं,
मग मोटर नळीला मागं ओढते,
सेकंदाला अर्धा मिलिमीटर,
गोगलगायसुद्धा पुढं निघून जाईल.
जे दिसायचं ते परततानाच.
दीडशे सेकंद कुणी बोलत नाही.

पडद्यावर पट्टी उलगडते
तांबडी, तांबडी, चिऱ्याच्या खाणीसारखी तांबडी,
आणि मध्येच, कोपर टेकून बसल्यासारखं,
पिवळं.
पिकत आलेल्या काजूच्या बोंडाचं पिवळं.
आतली चरबी अशी दिसते असं नाही.
कुणा अभियंत्यानं नेमलेला रंग आहे तो.
निळाही चालला असता,
पण निळ्याला आम्ही घाबरलो नसतो.

"कितें दिसता?" टेबलावरून शाणू.
डॉक्टर सांगतात, वाट मोकळी आहे.
जे आहे ते भिंतीच्या आत, मेदाचा साठा,
वर सायीएवढं पातळ झाकण.
शाणू गप्प.
मग म्हणतात, म्हणजे कुर्ली.

आम्हांला कळत नाही.
ते छतातल्या दिव्याला सांगावं तसं सांगतात:
बांध वरून कोरडाच असतो. गवत असतं.
पोरं सायकली नेतात त्याच्यावरून.
आत कुर्ल्यांनी बिळं केलेली.
पाणी येतं ते केसाएवढं,
आणि एखाद्या उधाणाला सगळंच येतं,
अख्खं खाजन खारं,
कोरगुटसुद्धा मान टाकतो.
बांधाची रुंदी मोजून काय कळणार?
आम्ही टाचेनं विचारायचो.
पोकळ असेल तर टाचेला कळतं.

मी आकडा वाचते: चार मिलिमीटरांत चारशे साठ.
पुष्कळ आहे.
डॉक्टर स्टेंट घालत नाहीत,
गोळ्या वाढवतात, दर तीन महिन्यांनी यायला सांगतात.
फुटेल का, की असंच निजून राहील
आणि शाणू नव्वदीत भलत्याच कशानं जातील,
हे पट्टीवर उमटत नाही.
जागा दिसते. दिवस दिसत नाही.

मनगटावर पट्टा बांधून मी त्यात हवा भरते.
विचारावं की नाही म्हणता म्हणता विचारते,
बीळ सापडल्यावर काय करायचात?
"चिखल. त्याच खाजनातला.
दाबून, दाबून. मग दर उधाणाला
पुन्हा जाऊन उभं राहायचं."
"टिकतो?"
"जाणारा माणूस टिकला तर."

दोन तासांनी हवा सोडते, थोडी थोडी.
रक्त येत नाही.
ते बोटं मिटतात, उघडतात, दारासारखी,
आणि पुनव कधी ते विचारतात.
मी भिंतीकडे बघते.
कॅलेंडर औषध कंपनीचं आहे.
त्यात तिथ्या नाहीत.